पोराला गाडी येते

आमच्या परळीत गाडी कुणी शिकत नाही. गाडी येते. ताप येतो, राग येतो, मिसरूड येतं, तशी एका वयात पोराला गाडीही आपोआप येते, असा इथल्या बापमंडळींचा ठाम समज आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसून मी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला, मुलाला काय शिकवायचंय? आणि वर्षानुवर्षं एकच उत्तर ऐकलं, "शिकवायचं काय न्हाई मॅडम. गाडी येती त्याला. लायसन तेवढं काढून द्या." कुणी शिकवली म्हणून विचारलं की बाप माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा. "शिकवायला कशाला पाहिजे? घरचीच गाडी हाय." घरचं दूध, घरची ज्वारी आणि घरचं ड्रायव्हिंग, या तीन गोष्टींत भेसळ नसते, अशी त्यांची श्रद्धा होती.

संपादकांनी मला तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, असं सांगितलं आहे. गमतीदार पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींची गंमत संबंधितांना प्लास्टर काढताना कळली, एवढाच काय तो फरक.

आधी माझी ओळख. आमचे हे बस चालवायचे. कंबर गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि मोटर ड्रायव्हिंग स्कूल काढलं. मी टेबल सांभाळायची. पुढे बायका शिकायला यायला लागल्या आणि त्यांना परक्या पुरुषाशेजारी बसणं अवघड वाटायचं, म्हणून ह्यांनी आधी मला शिकवलं. ह्यांची कंबर फारच बिघडली, तेव्हा पोरंही माझ्याच वाट्याला आली. सुरुवातीला पोरं गाडीत बसायच्या आधी इकडेतिकडे बघायची. बाईकडून गाडी शिकतोय हे मित्रांनी पाहिलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी भीती असायची. विजेच्या कारखान्याची राख वाहणारे टिप्पर अंगावर येत असताना मात्र या भीतीचा पत्ता नसायचा.

शिकवायच्या गाडीत एक गोष्ट वेगळी असते. शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. बाहेरच्यांना वाटतं, या बाई नुसत्या शेजारी बसून हवा खातात. माझा उजवा गुडघा कायमचा गेलाय तो हवा खाऊन नाही. डॉक्टरांनी विचारलं, जिने फार चढता का? मी म्हटलं, नाही, ब्रेक मारते. स्वतः गाडी न चालवता ब्रेक मारून गुडघा घालवलेली पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

एका पोराने गाडीत बसल्याबरोबर मधला आरसा स्वतःकडे वळवला आणि भांग नीट केला. मी म्हटलं, अरे, मागची गाडी कशी दिसणार? तो म्हणाला, "मागच्यानं बघून घ्यावं की मॅडम." हे एका पोराचं मत नव्हतं, आमच्या अख्ख्या तालुक्याचा वाहतुकीचा कायदा तेवढाच आहे. दुसऱ्या एकाचे वडील रोज मागच्या सीटवर बसून यायचे. मी पुढून काही सांगितलं की ते मागून दुरुस्ती करायचे. "हॉर्न दाब बे. दाबून धर. आपोआप सरकतेत लोकं." उतार आला की म्हणायचे, "आता न्यूट्रल कर, डिझेल वाचतंय." मी त्यांना समजावलं, उतारावर न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. ते म्हणाले, मॅडम, तुमी पुस्तकातलं बोलायलात. मी पुस्तक वगैरे काही वाचलेलं नव्हतं. पण या धंद्यात खरं बोललं की ते पुस्तकातलं ठरतं.

मुली मात्र शिकायच्या. त्या जात्या हुशार होत्या असं नाही. त्यांना गाडी येते असं घरात कुणी समजतच नव्हतं, त्यामुळे त्यांना ती शिकावी लागायची. हे का, ते का, असं विचारून त्या मला भंडावून सोडायच्या. पोरांनी मला का म्हणून कधी विचारलं नाही. त्यांना सगळं आलेलं असायचं.

आता बापूंचं सांगते. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर अंकाच्या कार्यालयावर मोर्चा येईल आणि मोर्च्याच्या पुढे बापूच असतील. धर्मापुरीच्या बाजूला त्यांची मोठी जमीन, ऊस, ट्रॅक्टर. कोणताही पक्ष निवडून आला की बापू त्या पक्षाचे जुने कार्यकर्ते निघतात. त्यांचा एकुलता एक मुलगा ओम. त्याला नुकतं अठरावं सरलं होतं आणि दारात नवी मोठी गाडी उभी होती. त्या दिवसांत परीक्षा घ्यायला एक असे साहेब आले होते, की जे खरोखर गाडी चालवायला लावून बघायचे. असं काही होईल याची कुणालाच कल्पना नव्हती. ओम त्यांच्यासमोर बसला आणि नापास झाला. बापूंना हा घराण्याचा अपमान वाटला आणि ते त्याला घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, दहाव्या वर्षी नांगरट केलीय त्यानं," बापू म्हणाले. "ट्रॅक्टर काय, जेसीबी काय, सगळं येतंय. ते साहेब कुटं बोट ठेवायलेत तेवढं बघा अन् तेवढंच शिकवा."

ओम सहा फुटी, देखणा, अबोल पोरगा. माझ्याशी तो वाईट वागला नाही. दहावीच्या मुलाला बालवाडीत बसवल्यावर तो जसा बसेल, तसा तो बसला. गिअर सफाईने टाकायचा, स्टेअरिंगवर हात पक्का. पहिले दोन दिवस मलाही वाटलं, साहेबांनी उगाच नापास केलं. तिसऱ्या दिवशी आम्ही धर्मापुरीच्या रस्त्याला गेलो. तिथे ओढ्याकडे जाणारा एक उतार आहे. उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. ओमने पाय दाबलेला मला दिसला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी आणखी पळायला लागली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा पहिली शेळी आणि बंपर यांच्यात फार अंतर नव्हतं. शेळीवाली बाई आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेली. ओम माझ्यावरच चिडला. "मॅडम, तुमी कावून दाबलात? मी दाबलता की."

त्याने दाबला होता, क्लच.

आता हे जरा समजावून सांगते, कारण ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांना हे कळायचं नाही, आणि ज्यांनी चालवलाय त्यांना पटायचं नाही. डाव्या पायाखाली क्लच असतो, उजव्या पायाखाली ब्रेक. क्लच दाबला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, एवढंच होतं. क्लच गाडी थांबवत नाही. पण शेतात ट्रॅक्टरमागे नांगर जमिनीत रुतलेला असतो. तिथे क्लच दाबला की नांगर ट्रॅक्टरला जागच्या जागी धरतो. ब्रेकला हातसुद्धा लावावा लागत नाही, म्हणजे पाय. रेसही हाताच्या दांड्याने एकदा लावून ठेवली की झालं. त्यामुळे शेतात वाढलेल्या आमच्या पोरांचा डावा पाय शिकलेला असतो आणि उजवा अडाणी. दहाव्या वर्षापासून त्या डाव्या पायाला एकच गोष्ट माहीत असते, आपण दाबलं की थांबतं. आरामात चालवताना ही पोरं ब्रेकही बरोबर मारतात. पण एकदम काही समोर आलं की डोकं बाजूला राहतं आणि पाय आपल्या सवयीने जातो. उतारावर क्लच दाबलेली गाडी म्हणजे दावं तोडलेला बैल. शिवाय पोराला वाटतं, मी तर दाबलाय.

मी ओमला हे सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली. त्याला ते लगेच कळलं, पोरगा मठ्ठ नव्हता. पण पायाला काही भाषा कळत नाही, त्याला पायाच्याच मार्गाने शिकवावं लागतं. मी त्याला मोकळ्या मैदानात न्यायची. बूट काढायला लावायची. गाडी चालू असताना, काहीही बोलत असताना मध्येच ओरडायची, "थांब." मी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघायची. आधी डावाच जायचा. मग डावा आणि उजवा बरोबर जायला लागले. मग एखाद्या वेळी उजवा आधी. त्या वेळी ओम स्वतःच हसायचा. "आला की मॅडम." इतक्या दिवसांत गाडी "आली" असं म्हणण्याजोगं तेवढंच काही मी पाहिलं. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर तो पाय बदलला असता. हे मी आज नाही म्हणत, तेव्हाच बापूंना म्हणाले होते.

पण मध्येच ओम यायचा बंद झाला. ते परीक्षा घेणारे साहेब बदलून गेले होते, आणि कुठल्याशा एजंटाने दुसरीकडून कुठून तरी लायसन आणून दिलं होतं. मी बापूंच्या घरी गेले. ओसरीवर दहा माणसं बसलेली. मी सांगितलं, बापू, पोराचा पाय अजून क्लचवर जातोय. बापूंनी मंडळींकडे बघून डोळे मिचकावले. "बाई, क्लच दाबल्यावर थांबतीच की गाडी. मी तर आयुष्यभर तसंच थांबवायलोय." मंडळी हसली. मी म्हटलं, शेतात थांबते. "मग आमी काय मुंबईला ऱ्हातो का?" बापू म्हणाले. मंडळी आणखी हसली. मला चहा दिला. चहा चांगला होता. ओम आतल्या दारात उभा होता. मला राग आला होता आणि तो गिळून मी घरी आले.

उसाचा हंगाम ऐन भरात असताना एके सकाळी ओम नवी गाडी घेऊन निघाला. त्याच उतारावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर टायर बसून थांबला होता. ट्रॉली सरकू नये म्हणून चाकाला दगड लावायला एक ऊसतोड्या खाली उतरला होता. ओमने पाय दाबला.

दुपारपर्यंत सगळ्या परळीला कारण माहीत झालं होतं. ब्रेक फेल. आमच्याकडे दुसरं कारणच नसतं. पायाचा दोष कधी निघत नाही, डोळ्यांचा निघत नाही, बापाचा तर नाहीच नाही. ब्रेकला बिचाऱ्याला तोंड नसतं, त्यामुळे तो प्रत्येक वेळी फेल होतो. गफूरभाईच्या गॅरेजबाहेर ती गाडी ओढून आणून ठेवली होती. मी बघायला गेले. चेपलेलं दार गफूरभाईने पहारीने उघडून दिलं आणि मी आत पाय घालून ब्रेक दाबला. फेल झालेला ब्रेक पायाखाली फुसका लागतो, पार तळाला जातो. हा घट्ट होता. मी पुन्हा दाबला. गफूरभाई तोंडात सुपारी चघळत म्हणाला, "इसकू तो किसीने पाँवच नहीं लगाया, मॅडम."

मी दवाखान्यात गेले. बापूंनी एक मोठेपणा केला होता, त्या ऊसतोड्यालाही त्याच खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं आणि खर्च मी बघतो म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ओम वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोलीत होता आणि तो माणूस खालच्या वॉर्डात. जिना चढायच्या आधी मला त्याची बायको दिसली. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आष्टीकडची माणसं. नवऱ्याचं नाव सुदाम. मी शेजारी बसले, विचारपूस केली. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस असला तर अर्धा. ती रडत नव्हती. "कोयता अर्धा झाला बाई," एवढंच म्हणाली.

आत सुदाम जागा होता. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर काढला होता. मी त्या पोराला गाडी शिकवत होते, हे त्याला सांगितलं. मला वाटलं, हा आता तोंड फिरवेल. पण तो म्हणाला, "लेकराचा काय दोष न्हाई ताई. बिरेकच फेल झालता म्हनं. बापू येऊन सांगून गेले. त्याला कुणी काय बोलू नगा."

मी उठून वर गेले.

वरच्या खोलीत फळांच्या करंड्या होत्या आणि भेटायला आलेली मंडळी. प्रत्येक जण कंपनीला शिव्या घालत होता. बापू त्यांना तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सांगत होते, केस टाकतो म्हणून, गाडीच भंगार निघाली. मग त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि ते गॅलरीत गेले, मंडळीही त्यांच्या मागे गेली. ओमचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, खांद्याला पट्टी होती. त्याने माझा हात धरला.

"मॅडम, मी दाबलता. लई जोरात दाबलता. थांबलीच न्हाई गाडी."

मी विचारलं, "कोणत्या पायानं?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आधी चादरीखाली त्याचा पाय हलला, आठवून बघितल्यासारखा खाली दाबला गेला. डावा. ते मी पाहिलं आणि त्यानेही पाहिलं. मग तो पोरगा जसा रडला, तसं रडताना मी एवढ्या मोठ्या माणसाला पाहिलेलं नाही. मला त्याची फार दया आली, हे लपवत नाही.

बापू धावत आत आले. ओम म्हणाला, "बापू, बिरेक फेल न्हवता." बापूंनी आधी दार लावून घेतलं. "गप. त्याचा सगळा खर्च आपण करायलोत ना?" ओम म्हणाला, "मला खाली जायचंय. त्याला सांगायचंय." तेव्हा बापू जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "त्याला काय कळतंय, क्लच कोणता अन् बिरेक कोणता? पाय तर गेलाच हाय." बापू दुष्ट नाहीत, हे मला माहीत आहे. एकुलत्या एका पोराला वाचवत होते. पण त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली.

ओम पलंगावरून उतरला. बापूंनी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने काढला. मी त्याच्या बरोबर जिना उतरले. बापू मागून येत होते, हळू आवाजात "ओम, ओम" करत. वॉर्डाच्या दाराशी ते थांबले.

ओम सुदामच्या खाटेशी उभा राहिला. सुदाम उठून बसायची धडपड करायला लागला, मालकाचं लेकरू आलं म्हणून. ओम म्हणाला, "बिरेक फेल न्हवता मामा. मी घाबरून दुसरंच दाबलं. बिरेक दाबलाच न्हाई मी."

सुदामची बायको आत आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होते, पण तो नुसता विचार करताना दिसत होता. मग त्याने माझ्याकडे मान वळवली.

"ताई, हे शिकवत न्हाईत का कुटं? कोणतं दाबायचं ते?"

"शिकवतात," मी म्हटलं. "मीच शिकवते."

"किती दिस लागतेत शिकाया?"

"महिना."

सुदामने चादरीकडे पाहिलं, जिथे ती मांडीपुढे सपाट झाली होती तिथे.

"म्हैनाच?" तो म्हणाला.